सात पाचची वेळ जपा

संपादक महोदय,
आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात घड्याळ बंद पडलं तरी अडत नसे. आकाशवाणी पुणे केंद्राच्या सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्या लागल्या की आई आम्हाला दप्तर भरायला लावायची. त्या आवाजाला चेहरा नव्हता, पण घरात मान होता.

हे केंद्र १९५३ साली सुरू झालं. १९५५-५६ मध्ये याच केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण दर आठवड्याला एकेक गीत करत वर्षभर चाललं. आई सांगायची, गाणं सुरू होण्याआधी लोक रेडिओला हार घालत, शब्द वहीत उतरवून घेत. (तिची ती वही अजून माझ्याकडे आहे.) एका शहराच्या केंद्राने एवढं मोठं काम करावं, ही माझ्या मते आकाशवाणीची खरी ताकद.

मग दूरदर्शन आलं, त्यानंतर खासगी एफएम. गाणी स्वच्छ ऐकू येऊ लागली, हे मान्यच. पण खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, त्यामुळे धरणाचं पाणी, बाजारभाव, गावाकडची खबर यासाठी आकाशवाणीच उरते. म्हणूनच २०२३ मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा मनापासून वाईट वाटलं. विरोधानंतर तो निर्णय थांबला.

आता पुणे केंद्राला निवेदक, वार्ताहर पुरेसे द्या आणि जुनी ध्वनिमुद्रणं लोकांना ऐकायला खुली करा, एवढीच विनंती.

— एक जुनी श्रोती, पुणे