क्रीडामंत्री महोदय, आमच्या मैदानाची तारीख आता लेखी द्या

माननीय क्रीडामंत्री,
ग्रीस सरकार, अथेन्स

स. न. वि. वि.

मी मूळचा रत्नागिरीचा. ग्रीक मालकांच्या जहाजांवर इंजिनरूममध्ये नोकरी करत पिरेअसला आलो, इथल्या मुलीशी लग्न केलं आणि इथलाच झालो. आता पेरामाच्या जहाजदुरुस्ती गोदीत काम करतो. या पत्राची ग्रीक प्रत माझ्या मुलीनं आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत इथे लिहितोय ते पिरेअसला उतरणाऱ्या आपल्याकडच्या खलाशांसाठी. भेटले की ते दरवेळी विचारतात, "काका, झालं का तुमचं स्टेडियम?" त्यांना एकदाचं सगळं सांगून टाकावं म्हणतो.

आपल्या सरकारबद्दल मला आदर आहे, निदान आजवर होता. पण आमच्या पानाथिनाइकोस फुटबॉल क्लबसाठी अथेन्समध्ये वोटानिकोसला होणाऱ्या नव्या मैदानाची तारीख पुन्हा पुढे गेल्याचं वाचलं आणि हात शिवशिवले. आधी २०२६ म्हणत होतात, आता २०२७ म्हणता. एका वर्षानं काय बिघडतं, असं आपल्याला वाटेल. माझे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्यासोबत जुन्या मैदानाच्या १३ नंबरच्या दरवाजानं आत जाणाऱ्या मित्रांपैकी आता एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांना विचारा एका वर्षाची किंमत.

आणि हे एक वर्ष थोडंच आहे? दुहेरी पुनर्विकासाची योजना जाहीर झाली २००६ साली. क्लबचं लेओफोरोसचं जुनं मैदान पाडायचं, तिथे बाग करायची, आणि वोटानिकोसच्या एलेओनास भागात सुमारे ४० हजारांचं नवं मैदान बांधायचं, असा तो बेत होता. शेजारी मॉल होणार होता. तो मॉल देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं बेकायदा ठरवला, त्याचे अर्धवट सांगाडे उभे राहिले, मग कर्जसंकट आलं आणि सगळं तिथेच थांबलं. त्यानंतर किती आराखडे आले, किती मंत्र्यांनी मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीशेजारी उभं राहून फोटो काढले! मातीत खरं काम सुरू व्हायला पंधरा वर्षांवर काळ गेला. आमच्याकडे याला भिजत घोंगडं म्हणतात.

आपण ज्यांना वाट बघायला लावताय ते कोण आहेत, हे आपल्याला ठाऊक असेलच. तरी सांगतो, कारण आपल्या निवेदनात 'लाभार्थी संघ' असा शब्द वाचला आणि तो मला झोंबला. पानाथिनाइकोस म्हणजे कुणाच्या दारात उभा राहिलेला लाभार्थी नव्हे. १९०८ साली योर्गोस कालाफातिस या तरुणानं आधीच्या संस्थेत फुटबॉल नको झाला म्हणून बाहेर पडून हा क्लब काढला. तेव्हा ग्रीसची सीमा थेस्सालोनिकीपर्यंतसुद्धा पोचलेली नव्हती. छातीवरचं हिरवं तीनपानी चिन्ह आणलं कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या मिखालिस पापाझोग्लूनं. १९३० साली याच संघानं पिरेअसच्या ऑलिंपियाकोसला, आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला, ८-२ नं हरवलं. सासऱ्यांच्या वडिलांनी तो सामना पाहिला होता आणि मरेपर्यंत त्यातला एकेक गोल सांगत असत. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये याच संघाचा मिमिस पिएराकोस अल्बानियाच्या आघाडीवर मारला गेला. हा देश वाचवायला आमची माणसं गेली होती, मंत्रीमहोदय.

१९६४ ची लीग अख्खा हंगाम एकही सामना न हरता जिंकली. आणि मग १९७१. युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत बेलग्रेडला रेड स्टारनं आम्हाला ४-१ नं चोपलं. सगळ्यांनी आशा सोडली. परतीच्या सामन्यात याच लेओफोरोसवर आम्ही ३-० नं जिंकलो, परक्या मैदानावरच्या गोलाच्या जोरावर पुढे गेलो आणि अथेन्समध्ये रात्रभर कुणी झोपलं नाही. सासरे तेव्हा पंचविशीच्या आतले. ते सांगतात, सामना संपल्यावर अनोळखी बायाबापड्या रस्त्यात त्यांच्या गळ्यात पडून रडत होत्या. २ जूनला वेम्ब्लीवर अंतिम सामना, प्रशिक्षक फेरेंक पुश्कास, कर्णधार मिमिस दोमाझोस. नेदरलँड्सच्या आयाक्सनं २-० नं जिंकलं. आंतोनिस आंतोनियादिस त्या स्पर्धेत १० गोल करून सगळ्यांच्या पुढे राहिला. त्यानंतर आजतागायत दुसरा ग्रीक क्लब त्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलेला नाही. (आयाक्सशी आमचं काही तरी देणं आहे. १९९६ च्या उपांत्य फेरीत अॅमस्टरडॅमला आमच्या वाझिखाच्या गोलावर जिंकून आलो आणि घरी ०-३ नं हरलो. २०२४ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत पुन्हा आयाक्सच. ३४ पेनल्टी मारल्या गेल्या, युरोपातला विक्रम झाला, आणि १३-१२ नं गेलो. सासऱ्यांना त्या रात्री रक्तदाबाची जादा गोळी द्यावी लागली.)

दोमाझोस २०२५ च्या जानेवारीत गेले. ज्या माणसाला सगळा देश 'जनरल' म्हणायचा, त्यानं नवं मैदान पाहिलं नाही. त्यांच्या जाण्यावर आपण शोकसंदेश काढलात. त्यापेक्षा ते हयात असताना वेळेवर चार खांब उभे केले असते, तर बरं झालं असतं.

लेओफोरोसबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही ते पाडणार आहात. १९२२ पासूनचं हे मैदान आलेक्सांद्रास रस्त्यावर, अँबेलोकिपीत, वस्तीच्या मधोमध आहे. समोर आशिया मायनरहून आलेल्या निर्वासितांसाठी १९३० च्या दशकात बांधलेल्या इमारती आहेत, त्यांच्या भिंतींवर १९४४ च्या डिसेंबरमधल्या रस्त्यावरच्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. आसपास पोलिस मुख्यालय, कर्करोगाचं रुग्णालय आणि देशाचं सर्वोच्च न्यायालय. सगळं सरकार हाकेच्या अंतरावर, आणि मधल्या या १६ हजारांच्या मैदानात बसलेल्या माणसाची हाक कुणालाच ऐकू येत नाही. स्टँडच्या पोटात बास्केटबॉलचं जुनं सभागृह आहे. छत ठेंगणं, आत गेलं की जीव गुदमरतो. लोक त्याला 'इंडियनची कबर' म्हणतात. सासऱ्यांनी मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा नाव ऐकून मी चपापलो होतो. पुढे तिथल्या माणसांनी मला इतकं आपलं केलं की ते नाव ऐकलं की मला आता माहेरी आल्यासारखं वाटतं. याच मैदानाच्या १३ नंबरच्या दरवाजावर १९६६ साली ग्रीसमधली पहिली संघटित चाहत्यांची टोळी जमली. हे सगळं बुलडोझरखाली घालून तुम्ही झाडं लावणार. लावा. सावलीची गरज त्या वस्तीला आहेच. पण आधी आमची सोय, मग पाडकाम, एवढा क्रम तरी पाळा.

१९८४ मध्ये आम्ही मारूसी उपनगरातल्या ऑलिंपिक मैदानावर गेलो. २००० मध्ये लेओफोरोसला परत आलो. मग पुन्हा मारूसी, पुन्हा लेओफोरोस, पुन्हा मारूसी. भाडेकरूसुद्धा इतक्या वेळा बिऱ्हाड हलवत नाही. आणि २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस कळलं की ज्या ऑलिंपिक मैदानाचं छप्पर जगाला दाखवायला बांधलं होतं, तेच धोकादायक आहे. मैदान बंद केलं, महिनोन्महिने. २००४ च्या ऑलिंपिकवर सरकारी हिशेबानंच जवळपास ९ अब्ज युरो गेले. वीस वर्षांत छप्पर गंजलं, डोक्यावर पडण्याची भीती निर्माण झाली, आणि त्या छपराखाली इतकी वर्षं पोराबाळांना घेऊन आम्ही बसत होतो. त्याची देखभाल कुणाकडे होती? कुणावर कारवाई झाली? मला तरी एकाचंही नाव वाचायला मिळालं नाही.

आणि जमत नाही असंही नाही! तुम्हाला हवं असतं तेव्हा जमतं. ऑलिंपियाकोसचं काराइस्काकिस मैदान २००३-०४ मध्ये १४ महिन्यांत नव्यानं उभं राहिलं. माझ्या मुंबईत १९७४-७५ साली वानखेडे स्टेडियम साधारण १३ महिन्यांत बांधलं, तेही क्रिकेटच्या दोन संस्थांच्या भांडणातून. तेव्हा आमच्याकडे तुमच्यासारखा युरोपियन युनियनचा पैसाही नव्हता. अथेन्सच्याच एईके क्लबवाल्यांचं जुनं मैदान २००३ मध्ये पाडलं, नवं २०२२ मध्ये उघडलं, म्हणजे एकोणीस वर्षं ते बेघर. त्यांच्याशी आमचं वैर आहे, तरी हे लिहिताना वाईट वाटतं. एक पिढी आपलं मैदान न पाहता मोठी झाली. आता आमची पाळी.

मैदान नाही ते नाही, आत जाण्याचाही छळ. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॉलीबॉलच्या सामन्याबाहेर एका पोलिसावर पेटता फ्लेअर (धूर-ज्वाळांचा नळा) फेकला गेला आणि त्या तरुण माणसाचा जीव गेला. ज्यानं केलं त्याला जन्मभर आत ठेवा, आम्ही टाळ्या वाजवू. तुम्ही काय केलंत? पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल लीगचे सगळे सामने दोन महिने प्रेक्षकांसाठी बंद केलेत. माझ्या सासऱ्यांनी कुणावर काय फेकलं होतं? २००७ मध्ये पाईआनियात एका चाहत्याचा खून झाला, त्यानंतर पाहुण्या संघाच्या चाहत्यांवर बंदी आली. २०२२ मध्ये थेस्सालोनिकीत १९ वर्षांचा मुलगा मारला गेला. २०२३ मध्ये नेआ फिलाडेल्फियात आणखी एक, आणि मारेकऱ्यांची टोळी तर झाग्रेबहून सीमांमागून सीमा ओलांडत आली होती. बंद दरवाजांनी कोण वाचलं? खून मैदानाबाहेर होतात, अंधाऱ्या गल्लीत होतात, आणि शिक्षा आत शांत बसणाऱ्या म्हाताऱ्याला मिळते.

त्यानंतर आलं सरकारी वॉलेट अॅप. तिकीट फोनमध्ये, ओळख फोनमध्ये. ज्यानं आयुष्यभर फोन फक्त कानाला लावला, त्या माणसाला एका मैदानाच्या दारात अडवलं गेलं. मैदानाचं नाव लिहीत नाही, कारण दारावरचा पोरगा बिचारा हुकमाचा ताबेदार. माझी त्याहून वाईट गत. माझ्या निवास-परवान्याचं नूतनीकरण एका कार्यालयात कित्येक महिने पडून आहे. कार्ड नाही, नुसता शिक्क्याचा कागद. तो कागद बँकेत चालत नाही, इस्पितळात डोळे वटारले जातात, मैदानाच्या दारात तर माणसं हसली. इतकी वर्षं या देशात कर भरला. गोदीत वेल्डिंगच्या धुरात फुप्फुसं काळी केली, तुमच्या जहाजमालकांची जहाजं पाण्यावर ठेवली. आणि रविवारी दोन तास बाकावर बसायचं तर मी कोण, ते एका मशीनला पटवून द्यायचं. बाहेर रस्त्यावर उभं राहून आम्ही दोघांनी आतला आरडाओरडा ऐकला. सासरे आवाजावरून सांगत होते, कॉर्नर मिळाला, गोल हुकला. मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

मंत्रीमहोदय, गोष्ट आता फुटबॉलची राहिलेली नाही. ८ फेब्रुवारी १९८१ ला काराइस्काकिसच्या ७ नंबरच्या दरवाजाशी २१ जण चेंगरून मेले. ते आमच्या प्रतिस्पर्ध्यांचे चाहते होते, पण दरवर्षी त्या दिवशी सासरे मेणबत्ती लावतात. २८ फेब्रुवारी २०२३ ला टेंपीत एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि ५७ माणसं गेली, त्यात कॉलेजची पोरं बरीच. सिग्नल यंत्रणेचा करार झालेला होता, पैसे आलेले होते, काम झालेलं नव्हतं. मैदानाचं छप्पर, रेल्वेचे सिग्नल, माझं कार्ड, वोटानिकोसचे खांब, सगळीकडे एकच रोग. करार होतो, फीत कापली जाते, फोटो निघतो, आणि पुढच्या कामाला धनी नसतो. चूक झाली की स्टेशनमास्तर सापडतो, दारावरचा पोरगा सापडतो. वरचा माणूस कधी सापडत नाही. हे मी भारतात पाहिलं होतं आणि युरोपात नसेल असं समजून इथे राहिलो.

तेव्हा मागणं इतकंच. मैदान कधी पूर्ण होणार ती तारीख लेखी द्या आणि तिच्याखाली एका माणसाची सही असू द्या. समितीची नको, माणसाची. पालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार मंत्रालयाकडे, हे आता बंद करा. नव्या मैदानात पहिला सामना होईपर्यंत लेओफोरोसच्या एका विटेलाही हात लावू नका, आणि बाग कराल तेव्हा १३ नंबरच्या दरवाजाची भिंत उभी ठेवा. पासष्टीपुढच्या माणसांना कागदी तिकिटावर, साध्या ओळखपत्रावर आत सोडा. हे करायला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

१९७१ साली लेओफोरोसवर त्या रात्री हजर असलेली आणि आज हयात असलेली जी माणसं आहेत, त्यांची यादी करा आणि त्यांना वोटानिकोसच्या पहिल्या सामन्याला मानानं बोलवा. यादी करायला वेळ नसेल तर मी करून देतो. रविवारी कामाला सुट्टी असते. पण लवकर सांगा, कारण ती यादी दर महिन्याला लहान होते आहे.

आपला,
पेरामाच्या गोदीतला एक कामगार, अथेन्स