गणपतीला नाही, डिसेंबरला

मॅनली बंदर, ब्रिस्बेन

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा आईने आधी ‘जेवलीस का’ विचारलं आणि पुढचं माझ्याने बोलवलं नाही. म्हणून लिहिते. घर भाड्याने दिलंय. महिनाभर आम्ही दोघं बोटीवरच राहतोय आणि गुरुवारी, वारा बरा असला तर, उत्तरेला निघतोय. आधी विचारायला हवं होतं. पण तुम्ही नाही म्हटलं नसतं, नुसते गप्प झाला असता, आणि मग माझा पाय निघाला नसता.

बाबा, तुम्हाला आत्ता काका आठवले असतील. मलाही रोज आठवतात. म्हणून रात्री अंगावरचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय कुणी डेकवर यायचं नाही, हा नियम मीच घातलाय. एपर्ब नावाचं यंत्र आहे, ते चालू केलं की उपग्रहावरून निरोप थेट कॅनबेराच्या बचाव केंद्रात जातो. त्यात दादाचा नंबर दिलाय. खरी अवघड जागा सुरुवातीलाच आहे. फ्रेझर बेट म्हणायचे, त्याला आता गारी म्हणतात, त्याच्या दक्षिणेला वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. तिथे भरती चढत असताना, दिवसाउजेडी आणि लाट लहान असेल तरच शिरायचं. खाडीच्या तोंडाशी तांडेल ताटकळत का उभा राहतो, हे तुम्हीच मला समजावलं होतं. मी ताटकळेन. दोन दिवस लागले तर दोन दिवस. पुढे बंडाबर्ग सोडलं की ग्रेट बॅरियर रीफ, समुद्रातला प्रवाळाचा बांध, सुरू होतो, तो दोन हजार तीनशे किलोमीटर सोबत करतो. महासागराची मोठी लाट तोच अंगावर घेतो, आम्ही त्याच्या आतून जाणार.

आई, तू म्हणशील जमीन डाव्या हाताला, म्हणजे उलटी प्रदक्षिणा. पण इथला हिवाळाभर, म्हणजे तुमच्या पावसाळ्यात, आग्नेयेचा वारा असतो, तो पाठीवर घेऊन वर जाता येतं. फ्लिंडर्स नावाच्या इंग्रज दर्यावर्दीनेही १८०२-०३ मध्ये अख्ख्या ऑस्ट्रेलियाला असाच वळसा घातला (बाबा, नकाशा काढाल तेव्हा बघा). आणि तू गुडघे दुखत असताना नर्मदेला निघालीस तेव्हा आम्ही सगळे नकोच म्हणत होतो ना? परत आलीस तेव्हा तुझा चेहरा कसा होता, ते मी विसरलेले नाही.

खाण्यापिण्याची काळजी करू नकोस. कुकर आहे, फ्रिज आहे, छतावरच्या सौर पट्ट्यांवर दिवे-पंखा चालतो. शेगडी झुलती आहे, बोट कलली तरी भांडं सरळ राहतं, वरण सांडत नाही. गोधडी तुझीच पांघरते. बिछान्याच्या कडेला कापड ताणून बांधतात, पडू नये म्हणून. पहिल्या रात्री त्यात शिरले आणि एकदम खाडी ओलांडायची धोपाव्याची ती ‘तर’ आठवली. बाबांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून मी बसायचे आणि पाणी हललं की ते नुसता हात डोक्यावर ठेवायचे. त्या रात्री झोप लागेपर्यंत तोच हात होता.

आता जे लिहायला एवढा वेळ लावला ते लिहिते. यंदा गणपतीला मला यायला जमणार नाही. तेव्हा आम्ही वर व्हिट्संडे बेटांच्या आसपास असू. ऑक्टोबरात उत्तरेचा वारा धरून परत खाली यायचं, कारण नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर काढून ठेवतात, तसंच. बोट बंडाबर्गला नदीत बांधायची, जावई तिच्यापाशी थांबतील आणि मी डिसेंबर-जानेवारी पूर्ण तुमच्याकडे. आठ दिवसांची धावती भेट नाही, दोन महिने. मोदक तेव्हा करू. मुखऱ्या मी वळीन, तू फक्त बस.

आणि मध्ये काही लागलंच, तर मॅके, टाउन्सव्हिल, केर्न्स, सगळीकडे विमानतळ आहेत. यंदा केर्न्सच्या पुढे जायचं नाही, हे मी तुमच्यासाठीच ठरवलंय. कधीही बोलवा, बोट बांधून निघेन. ‘उगाच तिला कशाला’ असं एकमेकांत ठरवून गप्प बसायचं नाही. मागच्या वेळी बाबांच्या छातीचं मला चार दिवसांनी कळलं, ते मला सहन झालं नव्हतं.

आई, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाच्या आधी करून घे, दादाला तारीख घ्यायला सांगितलीय. बाबा, रक्तदाबाची गोळी बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, आणि न्हाणीघरात रबरी चटई घाला. आजच.

दादा तुमच्या फोनवर जहाजांचं ॲप घालून देईल. त्यात ‘अबोली’ शोधलंत की एक ठिपका दिसेल, ती आम्ही. बेटांच्या आडोशाला कधी कधी तो दिवसभर हलत नाही, तेव्हा घाबरू नका. मी रोज संध्याकाळी निरोप धाडेन. तुमच्याकडे दुपारचा चहा होत असेल तेव्हा.

तुमची,
बाय