मंत्रिमहोदय, एकदा जमिनीवर बसून घर बघा

मा. महिला व बालविकास मंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

सादर नमस्कार.

डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर मी चोवीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. निवृत्त होऊन वर्ष झालं. आता घरात आठ महिन्यांचा नातू आहे आणि गेल्या आठवड्यात तो रांगायला लागला. पहिल्याच दिवशी त्याने सोफ्याखालून एक चाप, शेंगदाण्याची अर्धी डाळ आणि माझ्या रक्तदाबाची एक गोळी शोधून काढली. ती गोळी केव्हा पडली होती देव जाणे. मी रोज केर काढते, पण उभ्याने काढते ना! त्याची नजर जमिनीपासून वीतभर उंचीवर असते. तेवढ्या उंचीवरून आपलं घर मी कधी पाहिलंच नव्हतं. लहान मुलांना घरातच होणाऱ्या अशा अपघातांबद्दल हे पत्र आहे.

सेविका म्हणून मी शेकडो घरांत गेले. मुलांची वजनं केली, उंची घेतली, दंडाला घेर मोजायची पट्टी लावली. आधी ते सगळं रजिस्टरात लिहायचे, 2021 पासून मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरायला लागले. आईला नाचणीची आंबील सांगितली, लसीची तारीख सांगितली, पेल्यात दिलेलं पाणी प्याले आणि उठले. त्या घराची न्हाणी कधी पाहिली नाही. मला कोणी पाहायला सांगितलं नव्हतं आणि मलाही ते सुचलं नाही. खरं तर मला सुचायला हवं होतं, कारण माझ्याच न्हाणीत काय झालं होतं ते मला ठाऊक होतं.

माझी धाकटी तेव्हा अकरा महिन्यांची होती. श्रावणातली सकाळ, चुलीवर पेजेचं टोप, बाहेर पाऊस. न्हाणीत निळ्या बादलीत दुपटी भिजत घातलेली, वर वीतभर पाणी. मुलगी वसरीवर सासूबाईंजवळ होती, सासूबाई पूजेची फुलं निवडत होत्या. मला वाटलं ती त्यांच्याकडे आहे, त्यांना वाटलं ती माझ्या मागे आत गेली. ती वाटीवर चमचा आपटत होती, तो आवाज थांबला आणि मी वळून पाहिलं. न्हाणीच्या दारातून मला तिचे दोन पाय दिसले, वर. डोकं बादलीत. बादली जागची हललीसुद्धा नव्हती. बाहेर पाण्याचा एक थेंब सांडलेला नव्हता.

उचलल्यावर ती खोकली, मग रडली. त्या रडण्याइतकं गोड मी पुढे काही ऐकलं नाही. घरात ही गोष्ट आम्ही दोघींनी कोणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर 'लक्ष कुठे होतं?' हाच पहिला प्रश्न आला असता, आणि तो मला आला असता. बादली भरून का ठेवली होती, न्हाणीच्या दाराला वर कडी का नव्हती, हे कोणी विचारलं नसतं. असे किती प्रसंग वाड्यावाड्यावर गिळून टाकले जात असतील? म्हणून तुमच्या खात्याच्या कागदांवरही ते येत नाहीत.

त्या वयाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकलं की तोल पुढे जातो आणि परत वर यायला हातांत बळ नसतं. पाण्याने भरलेली बादली कलंडत नाही. पाच सेंटीमीटर पाणी पुरतं, दोन-तीन मिनिटं पुरतात. बुडणारं मूल हाका मारत नाही, कारण त्याचं तोंडच पाण्यात असतं. 108 ची गाडी कितीही वेगाने आली तरी तेवढ्यात येत नाही. सत्तरीच्या टोकाहून, केरीसारख्या गावातून, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पोचायला तास सहज लागतो.

आता तुम्ही म्हणाल, बादली रिकामी ठेवा. मीही सुनेला तेच सांगते. पण आमच्याकडे नळाला पाणी येतं सकाळी थोडा वेळ, उन्हाळ्यात त्याहून कमी. नळाला चोवीस तास पाणी नाही, म्हणून न्हाणीत चोवीस तास पाणी. बादल्या, टोपं, भाण, मागच्या दारी निळं बॅरल. ते खातं तुमचं नाही हे मला माहीत आहे, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यांना एवढं सांगाल तर बरं होईल की पाण्याची टंचाई घरातल्या लहान मुलाच्या अंगावर अशी येते. निदान बॅरलला झाकण हवं आणि न्हाणीच्या दाराला वरच्या बाजूला कडी हवी. कडी बाजारात शंभराच्या आत मिळते.

आणि आमची बांय, म्हणजे विहीर. जुन्या घरांत ती स्वयंपाकघराला चिकटून असते, काही ठिकाणी आतूनच खिडकीतून पाणी शेंदतात. कठडा मोठ्या माणसाच्या मांडीइतका. त्याला लागून कपडे धुवायची फातर, म्हणजे दगड. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला चढायला आपणच पायरी करून दिलेली. आमच्या वाड्यावर अकरा विहिरी आहेत, जाळी तीनच विहिरींवर, आणि त्यातल्या एकीवर ती मांजर पडलं म्हणून बसवली. गावातला वेल्डर बिजागऱ्यांची लोखंडी जाळी करून देतो, एक बाजू उचलून कळशी सोडता येते. ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल आणि उघडी विहीर आहे, त्या घराला पंचायतीमार्फत या जाळीसाठी मदत मिळावी. लाडली लक्ष्मी योजनेचे एक लाख रुपये मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतात. माझ्या धाकटीनेही घेतले, तक्रार अजिबात नाही. पण अठराव्या वर्षापर्यंत पोचायला आधी दुसरं वर्ष ओलांडावं लागतं, आणि ते विहिरीच्या काठाने जातं.

बांगलादेशाचं उदाहरण मला प्रशिक्षणात एका बाईंनी सांगितलं होतं, ते डोक्यात राहिलं. तिथे घरोघरी तळी. लहान मुलं बुडायची ती बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, आई स्वयंपाकात आणि मोठी माणसं शेतात असताना. तिथे गावातच एका बाईच्या घरी तेवढ्या वेळेपुरती पाच वर्षांखालची मुलं सांभाळायला सुरुवात केली. 'आंचल' म्हणतात त्याला, म्हणजे पदर. बुडण्याचं प्रमाण खूप खाली आलं. आता आमच्याकडे बघा. अंगणवाडीची वेळ नेमकी तीच, पण येतात तीन ते सहा वर्षांची मुलं. तीनच्या आतल्यांना आम्ही आहाराचं पाकीट देतो आणि घरी पाठवतो. म्हणजे जे मूल नुकतं चालायला लागलंय, ज्याला भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही, ते धोक्याच्या वेळेला घरीच. केंद्राची 'पाळणा' योजना 2022 पासून मिशन शक्तीखाली आहे: सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडूनच पाळणाघर. डिचोली, सत्तरी, पेडणे, काणकोण इथल्या वाड्यांवर ती आधी आणा. पणजीतल्या नोकरदार आयांना पाळणाघर हवंच, पण काजूच्या बागेत जाणाऱ्या बाईला ते जास्त हवं.

काजूवरून हुर्राकाची, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूची, आठवण झाली. रागावू नका, हुर्राकाला माझा विरोध नाही. लिंबू, मीठ, एक चिरलेली मिरची, मार्च-एप्रिलची दुपार. आमच्याही घरी येतो. पण तो कशात येतो? पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत. दिसतो पाण्यासारखा आणि फ्रिजच्या दारात पाण्याच्या बाटलीशेजारी उभा असतो. आमच्या शेजारच्या अडीच वर्षांच्या मुलाने गेल्या मे महिन्यात खेळून आल्यावर फ्रिज उघडून हाताला आली ती बाटली तोंडाला लावली. घरचे आधी हसले. 'पिऊन टुन्न झालाय' म्हणून कोणीतरी मोबाईलवर काढायलाही लागलं. तासाभराने तो उठेना. दारूने लहान मुलाच्या रक्तातली साखर एकदम उतरते, हे त्या घरात कोणाला माहीत असणार? डॉक्टरांनी शिरेतून साखर दिली तेव्हा डोळे उघडले.

बाटलीचा हा घोळ फक्त हुर्राकापुरता नाही. रॉकेल, थिनर, संडास धुवायचं अॅसिड, सगळं पाण्याच्या बाटलीत. रॉकेल प्यालेल्या मुलाला मिठाचं पाणी पाजून ओकारी काढतात. ते कधीच करू नये, कारण उलटी होताना रॉकेल फुप्फुसात जातं आणि खरा घात तिथे होतो. देवघरातल्या कापराकडे तर आपण धोका म्हणून बघतच नाही. पांढरी वडी, खडीसाखरेच्या वाटीशेजारीच ठेवलेली. पोटात गेली तर मुलाला झटके येतात. शिवाय गोव्यात म्हातारी माणसं भरपूर: 2011 च्या जनगणनेत साठीवरच्या लोकांच्या प्रमाणात केरळनंतर आपणच होतो. म्हणजे घरोघरी उशाशी गोळ्यांची डबी. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा आहेत की एकच गोळी लहान मुलाला बेशुद्ध करू शकते. त्यांचा चंदेरी कागद मुलाच्या डोळ्यांना चॉकलेटचाच दिसतो.

दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, चोवीस तास, फोन फुकट: 1800 116 117. सेवेत असताना चोवीस वर्षांत मला हा नंबर कोणी दिला नाही, तो मला भाच्याकडून कळला. आहाराच्या पाकिटावर तो छापा. पाकिटावर जागा आहे, एवढे फोटो मावतात म्हणजे नंबरही मावेल.

माझी मुख्य मागणी मात्र एकच आहे, आणि तिला पैसा फारसा लागत नाही. मूल सहा महिन्यांचं झालं की आपण अंगणवाडीत अन्नप्राशन करतो, ओटी भरतो, फोटो काढतो. त्याच आठवड्यात सेविकेने त्या घरी अर्धा तास जावं, आणि खुर्चीवर बसू नये. आईसोबत, शक्य असेल तर आजीसोबत, जमिनीवर बसावं आणि रांगत घर फिरावं. आजी असली तर फार बरं, कारण घरात वस्तू कुठे ठेवायची हे तीच ठरवते. मुलाच्या हाताला काय लागतं ते पाहावं. पलंगाखाली काय आहे, खालच्या सॉकेटमध्ये बोट जातं का, चार्जर लोंबतोय का, बोर्डात ईएलसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारं बटण) आहे का, समई कुठे असते, पेजेचं टोप जमिनीवर निवत ठेवतात का. रिमोटचं मागचं झाकण सैल आहे का तेही पाहावं. त्यातली बटणासारखी चपटी बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजून काढते. पोळलं तर टूथपेस्ट नको, वीस मिनिटं नळाखाली धरा, हे तिथेच करून दाखवावं. बारशाला आलेला वॉकर दिसला तर तो माळ्यावर टाकायला सांगावं. कॅनडाने 2004 सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे, आणि त्यांच्या घरांना आमच्यासारख्या वसरीवरून थेट आंगणात उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्याही नसतील.

यासाठी ॲपमध्ये नवा रकाना मात्र उघडू नका, हात जोडते. सेविकांचा अर्धा दिवस आधीच मोबाईलला रेंज शोधण्यात जातो. रकाना आला की भेट ओसरीवरच उरकेल आणि रकाना तेवढा भरला जाईल. मी स्वतः असे रकाने भरलेले आहेत. सेविकांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या, तेही एखाद्याच्या घरात. सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून नको. जाताना हातात दोन कड्या, चार सॉकेटची झाकणं आणि एक दोरी द्या. एवढं दिलं की आई स्वतःहून दार उघडेल.

आमच्या वाड्यावर पुढच्या महिन्यात दोन मुलांचं अन्नप्राशन आहे. एकाच्या घरी मागच्या दारी विहीर आहे, दुसऱ्याच्या घरी आजोबा मधुमेहाचे. दोन्ही घरी मी जाणारच आहे, निवृत्त झाले म्हणून काय झालं. तुम्हाला किंवा तुमच्या खात्यातल्या कोणाला सोबत यायचं असेल तर सकाळी साडेनऊला या, पेज होईपर्यंत दोन्ही घरं बघून होतात. मळलेलं चालेल असं काही घालून या, फरशी शेणाची आहे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
डिचोली तालुका