आरक्षणाच्या ५० टक्क्यांचा निकाल साताऱ्यात मराठीतून वाचला जावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

येत्या १६ मार्चला न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या जन्माला १२५ वर्षे पूर्ण होतात. ते साताऱ्यात जन्मले. १९४५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे आणि १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १९६४ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गजेंद्रगडकरांचे नाव मात्र फारसे कुणी काढत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्या घरी हे नाव वडिलांच्या तोंडी असे. ते बँकेत कारकून होते. १९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबतचा न्यायाधिकरणाचा निकाल केंद्र सरकारने बदलला, तेव्हा कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. मग आयोग नेमला गेला. त्याचे काम पाहणाऱ्या न्या. राजाध्यक्ष यांच्या निधनामुळे ते काम गजेंद्रगडकरांकडे आले आणि त्यांच्या शिफारशींवरून बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबतचा १९५५ चा कायदा झाला. मीही पुढे बँकेतच लागलो.

पण आज त्यांची आठवण काढायची ती बालाजी खटल्यासाठी. म्हैसूर सरकारने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या ६८ टक्के जागा राखीव ठेवल्या होत्या. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो आदेश रद्द केला. निकाल गजेंद्रगडकरांनी लिहिला. आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा आपण म्हणतो, ती तिथून आली. आपल्या जिल्ह्यात या आकड्यावरून मोर्चे निघाले, घराघरांत वाद झाले. पण मूळ निकाल किती जणांनी वाचला? त्यात लिहिले आहे की, ढोबळमानाने आरक्षण ५० टक्क्यांपेक्षा कमी असावे. किती कमी, ते त्या त्या परिस्थितीवर अवलंबून राहील. मागासलेपण ठरवताना केवळ जात हा निकष पुरेसा नाही, असेही त्यात आहे. हे पटो वा न पटो, भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी ते आधी वाचलेले असावे. माझे स्वतःचे मत आरक्षणाच्या बाजूचे आहे, तरी मी हे म्हणतो.

म्हणून जिल्हा न्यायालयातील वकील मंडळींना माझी विनंती आहे. १६ मार्चला संध्याकाळी नगर वाचनालयात या निकालातले महत्त्वाचे परिच्छेद सोप्या मराठीत वाचून दाखवावेत आणि लोकांना प्रश्न विचारू द्यावेत. हारतुरे नकोत. छायाप्रतींचा खर्च मी आनंदाने करीन.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा