जुने बोट-इंजिन भंगारात देण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागायला थोडेच दिवस उरले आहेत. गोसीखुर्द, इटियाडोह, नवेगावबांध इथे आणि वैनगंगा-प्राणहितेच्या काठी मासेमारीच्या व पूरबचावाच्या बोटींची जुनी टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी) आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायची) इंजिने या दिवसांत बाहेर निघतात, आणि त्यातली बरीच नीट चालत नाहीत. दोरी ओढून हात भरून येतो, चालू झाले तरी धूर ओकते, भार आला की दम सोडते. मग ते दुचाकीच्या मिस्त्रीकडे जाते. तो कार्बोरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) उघडतो, जेट (त्यातले पेट्रोलचे बारीक भोक) फुंकतो, स्क्रू फिरवून देतो आणि दोन दिवसांत पुन्हा तेच रडगाणे. शेवटी पार्ट मिळत नाहीत म्हणून इंजिन किलोच्या भावाने विकले जाते. ही हानी टाळता येते म्हणून हे पत्र.

कार्बोरेटरला सगळ्यात आधी हात लावणे हीच मूळ चूक आहे. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग करंट (प्लगची ठिणगी), मग पेट्रोल हा क्रम मोडू नये. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनाचा कार्बोरेटर कितीही धुतला तरी उपयोग नाही.

दोन सिलिंडरच्या इंजिनाचे दोन्ही प्लग काढा. प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून बांधा, नाहीतर करंटला वाट न मिळाल्याने जुनी कॉइल (ठिणगीचा करंट तयार करणारे वेटोळे) फुटते. थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) पूर्ण उघडा, एका सिलिंडरला प्लगच्या भोकात दाब मोजायचे गेज लावा आणि दोरी चार-पाच वेळा जोरात ओढा. मग दुसऱ्या सिलिंडरला तेच करा. दोन्हीकडे 80 पीएसआयच्या (दाबाचे एकक) वर आकडा आला आणि फरक 10 टक्क्यांच्या आत असला, तर इंजिनाचा जीव शाबूत आहे. एकीकडे 90 आणि दुसरीकडे 50 असेल तर कमी बाजूला चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा चिकटल्या किंवा झिजल्या आहेत, जागचा हलला नाही तर हेड गॅस्केट पाहा. चिकटलेल्या रिंगा प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडून दोन-तीन दिवस भिजवल्या तर पुष्कळदा मोकळ्या होतात. त्यासाठी लगेच इंजिन खोलू नये.

करंट बघताना सर्रास फसगत होते. प्लग धातूला टेकवला, ठिणगी दिसली, म्हणजे झाले असे समजतात. पण उघड्या हवेत पाऊण मिलिमीटरची फट ओलांडणे सोपे असते. सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच ठिणगी विझते. म्हणून कोरड्या लाकडी फळीवर दोन खिळे 6 मिलिमीटर अंतरावर ठोका. एकाला प्लगची वायर, दुसऱ्यातून एक तार इंजिनाच्या धातूला. दोरी ओढल्यावर निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी ही फट ओलांडते का ते पाहा. पिवळट, मधूनच गायब होणारी ठिणगी चालत नाही. हे करताना पेट्रोलची टाकी दूर ठेवा.

ठिणगी कमजोर असेल तर बहुतेक वेळा दोष फ्लायव्हीलखालच्या (इंजिनावरच्या जड चाकाखालच्या) पॉइंटांत, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांत असतो. वर्षभर पडून राहिलेल्या पॉइंटांवर राखाडी पापुद्रा चढतो आणि तेवढ्यानेच करंट अडतो. फ्लायव्हील पुलरनेच (चाक ओढून काढायच्या अवजारानेच) काढावे. हातोडी मारली की क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) वाकते. बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा, मग लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून पॉइंटांतून ओढा. कागद काळा यायचा थांबेपर्यंत ओढत राहा. बोटाचे तेलही लागू देऊ नका. जुन्या जॉन्सन-इव्हिनरूड बनावटीच्या बऱ्याच इंजिनांत पॉइंट पूर्ण उघडे असताना फट 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर ठेवतात. कॉइलच्या आवरणाला तडा असेल तर ती बदला, तडा बुजवून भागत नाही. फ्लायव्हील उघडलेच आहे तर त्याला दांड्यावर जागी धरणारी चावीही पाहा. ती अर्धवट कापली गेली की टायमिंग सरकते आणि दोरी हाताला उलटा झटका देते.

दोनपैकी एकच सिलिंडर काम करत असेल तर चालू इंजिनात एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पक्कडीने काढून धातूला टेकवा. ज्याची वायर काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर बंद आहे. ही पद्धत पॉइंटवाल्या इंजिनांपुरतीच. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर हा प्रयोग नको. मग प्लग वाचा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक, ओला काळा म्हणजे पेटतच नाही, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे. एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख असेल तर आत पाणी जाते आहे.

आता पेट्रोल. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि जुन्या इंजिनाला ते सोसत नाही. इथेनॉल हवेतली ओल शोषते. पाणी जास्त झाले की इथेनॉल-पाणी खाली वेगळे बसते आणि टाकीच्या तळातून तेच आधी इंजिनात जाते. जुन्या रबरी नळ्या व इंजिनावरच्या पेट्रोल-पंपाचा पडदा त्याने फुगतो. सगळ्यात नकळत होणारा घात कॉर्कच्या फ्लोटचा (कार्बोरेटरमधल्या तरंगत्या बुचाचा). पूर्वी त्यावर लाखेचा लेप असे, आणि लाख इथेनॉलमध्ये विरघळते. कॉर्क पेट्रोल पितो, जड होऊन बुडतो, पेट्रोल अडवणारी सुई उघडी राहते आणि कार्बोरेटर भरून वाहतो. वरून स्क्रू कितीही फिरवा, धूर जात नाही. फ्लोट काढून दोन-तीन दिवस कडकडीत वाळवा आणि त्यावर पातळ सुपरग्लूचे दोन-तीन हात द्या. चांगला चालतो. मिसळलेले पेट्रोल महिना महिना साठवू नका, आणि दिवसाचे काम संपले की नळी काढून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा.

इंजिन दोन मिनिटे छान चालून मरत असेल तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का पाहा. तो उघडा असूनही मरत असेल, तर मरता मरता नळीतला रबरी फुगा दाबा. जीव धरला तर दोष पंपाच्या पडद्यात किंवा हवा ओढणाऱ्या नळीत आहे. चोक ओढल्यावर चालत असेल तर जेट तुंबले आहे. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उलटे उडत असेल तर रीड व्हॉल्वची (हवा-पेट्रोल फक्त आत जाऊ देणाऱ्या झडपेची) पट्टी तुटली आहे का ते बघा.

ऑइलच्या बाबतीत अंदाजपंचे चालू नये. 50:1 च्या (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) इंजिनाला 5 लिटर पेट्रोलमध्ये 100 मिली, 24:1 ला सुमारे 210 मिली. जॉन्सन-इव्हिनरूडची 1964 च्या आधीची बहुतेक इंजिने 24:1 ची आहेत. त्यांना 50:1 दिले तर बेअरिंग जळतात. ऑइल टीसी-डब्ल्यू3 (बोट-इंजिनाच्या ऑइलची खूण) लिहिलेलेच घ्यावे. दुचाकीचे टू-टी ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात राखेचा थर धरते.

आंभोऱ्याला वैनगंगेत कन्हान मिळते आणि नाग नदीची घाण घेऊन येते. त्यावर जलपर्णी माजते. तिची मुळे आणि प्लॅस्टिक पाणी ओढायच्या जाळीत अडकले की इंजिन काही मिनिटांत तापते. ज्या इंजिनाला पाण्याची बारीक धार बाहेर येते, त्याची धार थांबताच इंजिन बंद करा. इम्पेलरच्या (थंड करायचे पाणी ओढणाऱ्या चक्राच्या) रबरी पाती दर दोन वर्षांनी बदलाव्यात. पाण्याविना काही सेकंदही इंजिन चालवू नये, पाती त्यातच जळतात.

पिंपात तपासणी करताना 200 लिटरचे पिंप घ्या, पाणी पंख्यावरच्या (प्रॉपेलरवरच्या) आडव्या पट्टीच्या वर असावे. पण अंतिम सेटिंग पिंपात करू नका. तिथे पाणी उकळल्यासारखे ढवळते, इंजिन स्वतःचाच धूर ओढते, आणि पिंपात सुरेख बसवलेले इंजिन तलावात मरते. बोटीला लावून, गिअर टाकून कार्बोरेटरची कमी वेगाची सुई आधी हलकेच पूर्ण बंद करा, मग दीड फेरा उघडा. तिथून एकावेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा आणि दर वेळी 15 सेकंद थांबा. इंजिन शिंकल्यासारखे करते म्हणजे पेट्रोल कमी, घोगरे होऊन धुरावते म्हणजे जास्त. इंजिन जोरात फिरते, पण बोट जागची हलत नाही, तर कार्बोरेटरला हात लावू नका. पंख्याची पिन तुटली असेल किंवा आतला रबरी हब घसरत असेल.

पुरात इंजिन बुडाले तर काढल्या काढल्या धुऊन प्लग काढावेत, दोरी ओढून पाणी फेकावे आणि प्लगच्या भोकांतून तेल सोडावे. तासा-दोन तासांत हे जमणार नसेल तर ते स्वच्छ पाण्यातच बुडवून ठेवावे. ओले इंजिन हवेत ठेवले की बेअरिंग गंजायला रात्र पुरते.

भामरागडला पर्लकोटा नदी चढली की रस्ता बंद होतो आणि बोटच उरते. तहसील, ग्रामपंचायती आणि मासेमारी संस्थांनी आपल्याकडचे प्रत्येक इंजिन मृगाआधी पाण्यात, माणसे बसवून, अर्धा तास चालवून बघावे, ही कळकळीची विनंती. दाबाचे गेज, पुलर आणि फिलर गेज (फट मोजायची पट्टी) एवढी अवजारे तालुक्याच्या ठिकाणी एका संचात असली तरी पुरे.

आपले,
बोट-इंजिन दुरुस्ती करणारे कारागीर,
पवनी परिसर, जि. भंडारा