भूछत्रांचे फोटो काढावेत, ती उपटू नयेत

महोदय,

पावसाळ्यात सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीच्या झाडीत भूछत्रे उगवू लागली की हौशी छायाचित्रकारांची पावले तिकडे वळतात, याचा आनंदच आहे. मात्र छत्रीखालच्या चुण्यांचा फोटो मिळावा म्हणून ती देठासकट उपटली जाते, तेव्हा बीजाणू (नवी बुरशी रुजवणारे सूक्ष्म कण) पुरते पसरण्याआधीच ती संपते. जमिनीलगत छोटा आरसा धरला, तर त्या चुण्या भूछत्र न तोडताही टिपता येतात. पालापाचोळा आणि पडलेली लाकडे कुजवून माती कसदार करणाऱ्या बुरशीचे हे फळ आहे. शिवाय फोटोवरून ओळखून, आपल्याकडच्या सात्या (खाण्याजोगी रानभूछत्रे) समजून, कोणी ते खाऊ नये. काही विषारी जाती हुबेहूब खाद्य जातींसारख्या दिसतात. वनविभागाने प्रवेशद्वारांवर पावसाळ्यापूर्वीच तसे ठळक फलक लावावेत, ही विनंती.

– एक निसर्गप्रेमी वाचक, नागपूर