अर्ज-विनंत्यांचे दिवस संपले तेव्हा

सांगली

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

‘दुसऱ्या महायुद्धानं इंग्रज खंगला म्हणून स्वातंत्र्य पदरात पडलं’, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. खंगला हे खरं. पण पहिल्या महायुद्धानंही त्याचं कंबरडं वाकलंच होतं. बदलले होते ते आपले लोक.

1919 बघ. काँग्रेसनं टिळकांना पॅरिसच्या तह परिषदेसाठी प्रतिनिधी नेमलं, त्यांनी परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसोंना पत्रही लिहिलं. पण हिंदुस्थानच्या नावानं सरकारनं नेलं बिकानेरच्या महाराजांना आणि लॉर्ड सिन्हांना. इजिप्तचे राष्ट्रीय नेते झगलूल पाशा हीच वाट मागत होते, त्यांना इंग्रजांनी माल्टा बेटावर हद्दपार केलं. आपल्या वाट्याला रौलट कायदा आणि जालियनवाला बाग.

दुसऱ्या खेपेला कुणी अर्ज घेऊन ताटकळलं नाही. जपान शरण आल्यावर दोनच दिवसांत, 17 ऑगस्ट 1945 ला, सुकार्णोंनी इंडोनेशिया स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. आपल्या जिल्ह्यानं तर युद्ध संपायचीही वाट पाहिली नव्हती. वाळवा, तासगाव तेव्हा साताऱ्यातच. 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्री सरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं स्वतःचं सरकार, गावोगाव चालू होतं. बांधाची भांडणं, सावकाराचा तगादा, सगळं गावच्या न्यायमंडळापुढे. लग्नं नुसते हार घालून, बिनखर्चाची. शेणोलीला रेल्वेचा खजिना लुटला त्याचे पोवाडे होतात, पण मला ते न्यायमंडळ जास्त मोठं वाटतं. कचेरीची पायरीच चढायची नाही असं शेतकऱ्यानं ठरवलं, की कलेक्टर नावापुरता उरतो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ऑक्टोबर 1945 मध्ये इंग्रजांनी इंडोनेशियात सुराबायाला जी 49वी ब्रिगेड उतरवली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. समोर तिथली तरणी पोरं, हातात जपान्यांकडून मिळवलेल्या बंदुका. 30 तारखेला ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला आणि 10 नोव्हेंबरपासून इंग्रजांनी शहरावर बाँब टाकले. इकडे गावात पत्री सरकार, आणि तिकडे आपलीच माणसं दुसऱ्याचं स्वातंत्र्य मोडायला उभी! मला याचा फार त्रास होतो. त्याच महिन्यात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचा खटला उभा राहिला, फेब्रुवारीत मुंबईला नाविकांनी बंड केलं. हिंदी शिपायाच्या जिवावर राज्य चालत होतं, तो भरवसाच तुटला.

तुझे आजोबा मराठा पलटणीत होते ना? 1945 च्या दिवाळीत ते कुठे होते, घरी विचारून कळव. त्यांची कागदपत्रं असतील तर जपून ठेव, मी येऊन बघतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
शिवा